दोन वर्षांची नर्सिंग पदवी आणि तीन दारे

‘कम्युनिटी कॉलेज’ हे शब्द ऐकले की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सहा महिन्यांचा किंवा वर्षभराचा कौशल्य अभ्यासक्रम आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र उभे राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ नंतर या नावाने जी योजना राबवली तिचे स्वरूप साधारण तसेच होते, त्यामुळे या समजुतीत नवल नाही. अमेरिकेत मात्र ही संस्था वेगळी आहे. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेल्या ज्युनियर कॉलेजपासून तिची परंपरा धरतात. दोन वर्षांची असोसिएट पदवी, विद्यापीठाच्या मानाने पुष्कळ कमी फी आणि बारावीइतके शिक्षण झालेल्या कोणालाही प्रवेश, ही तिची ओळख. तिथे स्थायिक झालेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या मराठी घरांत नर्सिंगचा विषय निघाला की दोन समज हमखास पुढे येतात. एक, कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला कोणालाही सहज प्रवेश मिळतो. दुसरा, तिथून शिकलेली नर्स विद्यापीठातल्या नर्सपेक्षा खालच्या दर्जाची असते. हे समज एकमेकांच्या आधाराने टिकतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. वाटेत तीन दारे आहेत हे लक्षात न घेतल्याने ते जन्माला येतात: कॉलेजचे दार, नर्सिंग विभागाचे दार आणि परवान्याचे दार. पहिले सताड उघडे आहे, दुसरे फार अरुंद आहे, आणि तिसरे सर्वांसाठी अगदी एकच आहे.

दर्जाचा प्रश्न तिसऱ्या दारापाशीच सुटतो, म्हणून तिथून सुरुवात करू. अमेरिकेत ‘रजिस्टर्ड नर्स’ म्हणजे आरएन म्हणून काम करायचे तर राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा परवाना लागतो, आणि त्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यावी लागते. दोन वर्षांची असोसिएट पदवी म्हणजे एडीएन घेतलेली उमेदवार आणि चार वर्षांची बीएसएन पदवी घेतलेली उमेदवार एकाच परीक्षेला बसतात. प्रश्नांचा साठा तोच, उत्तीर्ण होण्याची रेषा तीच आणि हाती येणारा परवानाही तोच. पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत दोन्हीकडे नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. बीएसएनवाल्यांचे किंचित जास्त, पण दर्जाची दरी म्हणावी इतके नाही. या पदवीमागे विचारपूर्वक केलेला प्रयोगही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सांची मोठी टंचाई होती आणि बहुतेक नर्स रुग्णालयांच्याच शाळांत तीन वर्षे शिकत. तिथे शिकणाऱ्या मुलींच्या श्रमावर वॉर्ड चालत आणि शिक्षण मागे पडे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये मिल्ड्रेड मोंटॅग यांनी आपल्या प्रबंधात असे मांडले की रुग्णालयाच्या कामापासून शिक्षण सोडवून ते कॉलेजात आणले, तर कमी काळात सक्षम परिचारिका घडवता येईल. १९५२ साली सात कॉलेजे आणि एक रुग्णालयीन शाळा यांत तो प्रयोग सुरू झाला, यशस्वी ठरला आणि देशभर पसरला. मोंटॅग यांच्या कल्पनेतली ही परिचारिका चार वर्षांची पदवी घेतलेल्या नर्सच्या हाताखाली काम करणारी होती. परवाना मात्र दोघींना एकच मिळाला. आजच्या वादाचे मूळ तिथे आहे.

तो वाद टाळून चालणार नाही, कारण त्यातला आक्षेप पोकळ नाही. परवाना एकच असेल तर अनेक मोठी रुग्णालये नोकरी देताना बीएसएन का मागतात? नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास करून २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. रुग्णालयातल्या बीएसएन किंवा त्याहून वरची पदवी असलेल्या नर्सांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले, की दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. रुग्णालयाचा आकार, तंत्रज्ञान, एका नर्समागे किती रुग्ण, हे सगळे हिशेबात घेऊन काढलेला हा निष्कर्ष आहे; तो उडवून लावणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढे २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०२० पर्यंत ऐंशी टक्के नर्स बीएसएन पदवीधर असाव्यात अशी शिफारस केली, आणि न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा केला की नव्या आरएनने परवान्यानंतर दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करावी. मात्र त्या कायद्याची रचना पाहा. त्याने एडीएनचे दार बंद केले नाही. आधी परवाना घ्या, काम करा आणि शिकत राहा, असे तो सांगतो. आरएन झालेल्यांसाठी बीएसएनचे पूरक अभ्यासक्रम आहेत आणि त्यांतले बरेच नोकरी सांभाळून, ऑनलाइन करता येतात. नॉर्थ डकोटा राज्याने १९८७ पासून नव्या आरएनसाठी थेट चार वर्षांची पदवी सक्तीची करून पाहिली आणि २००३ मध्ये ती सक्ती मागे घेतली. पुराव्याचा सरळ अर्थ असा की अधिक शिक्षण रुग्णाच्या भल्याचे आहे. ते पहिल्या दिवसापूर्वीच संपले पाहिजे, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

आता दुसरे दार, जिथे सर्वाधिक निराशा पदरी येते. कॉलेजात नाव नोंदवले म्हणजे नर्सिंगला प्रवेश मिळाला असे होत नाही. विभागाचा अर्ज वेगळा असतो आणि निवड कडक असते. अर्जापूर्वीच शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह पूर्ण करावे लागतात. त्यांच्या जोडीला इंग्रजी लेखन, मानसशास्त्र आणि अनेक ठिकाणी रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्र. या विषयांना तिथे प्रीरेक्विझिट म्हणतात. त्यांत नुसते पास होऊन भागत नाही, कारण निवड गुणांच्या सरासरीवर होते. विषय पुन्हा घेऊन गुण सुधारण्यावर बहुतेक ठिकाणी मर्यादा असते, आणि विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांपूर्वी केलेले असतील तर अनेक कॉलेजे ते ग्राह्यच धरत नाहीत. त्यानंतर टीज किंवा हेसी यांसारखी प्रवेशपरीक्षा. टीजमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी भाषा असे चार भाग असतात. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजे तीत किमान ६२ टक्के मागतात, पण किमान गुणांवर जागा मिळेल असे धरून चालू नये. काही कॉलेजे गुण, कामाचा अनुभव, दुसऱ्या भाषेचे ज्ञान अशा निकषांना अंक देऊन यादी लावतात; काही ठिकाणी पात्र उमेदवारांतून चक्क लॉटरी काढली जाते. म्हणून ‘दोन वर्षांची पदवी’ हे शब्द दिशाभूल करतात. आधीचे विषय आणि प्रवेशाची वाट पाहणे धरले तर तीन ते चार वर्षांचा हिशेब मनात ठेवावा.

मग जागा वाढवत का नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारेल. नर्सिंग फळ्यावर शिकता येत नाही, हे त्याचे उत्तर. प्रत्येक विद्यार्थिनीला वैद्यकीय-शल्यचिकित्सा, प्रसूती, बालरोग, मानसोपचार या विभागांत खऱ्या रुग्णांजवळ ठराविक तास काढावे लागतात. तिथे एका शिक्षकामागे साधारण आठ-दहाच विद्यार्थी चालतात, कारण चुकीचा डोस गेला तर तो खऱ्या माणसाच्या शरीरात जातो. रुग्णालयातल्या या जागांसाठी आसपासची सगळी कॉलेजे आणि विद्यापीठे एकमेकांशी स्पर्धा करतात. शिक्षकही कमी आहेत, कारण शिकवण्यासाठी वरची पदवी लागते आणि त्याच पदवीवर रुग्णालय जास्त पगार देते. ही कोंडी फक्त कम्युनिटी कॉलेजांची नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर नर्सिंग अभ्यासक्रमांनी ६५,७६६ पात्र अर्ज नाकारले. हे अर्जांचे आकडे आहेत, माणसांचे नव्हेत, कारण एकच उमेदवार अनेक ठिकाणी अर्ज करते. तरी टंचाईची कल्पना त्यावरून येते. नर्स हव्या असलेल्या देशातच नर्स होऊ पाहणाऱ्या लायक माणसांना परत पाठवले जाते, ही गोष्ट माझ्या मते दोन वर्षांच्या आणि चार वर्षांच्या पदवीच्या भांडणापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

प्रवेश मिळाल्यावरही काही अटी असतात. लसीकरणाच्या नोंदी, क्षयरोगाची तपासणी, सीपीआरचे प्रमाणपत्र, गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी आणि अमली पदार्थांची चाचणी. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी चाचणीत तो सापडल्यास रुग्णालयातली जागा जाऊ शकते, हे अनेक तरुणांना माहीत नसते. संपूर्ण नर्सिंग ऑनलाइन शिकून आरएन होता येते हाही गैरसमजच. वर्ग ऑनलाइन असू शकतो, वॉर्ड नाही. खर्चाबाबतचा समज मात्र बराचसा खरा आहे: कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला म्हणजे श्रेयांकाला ४६ डॉलर पडतात. बाहेरच्यांची फी याच्या अनेकपट असते, त्यामुळे रहिवासी कोणाला म्हणतात हे आधी तपासावे.

भारतातून जाणाऱ्यांचे गैरसमज थोडे निराळे. इथे तीन वर्षांचे जीएनएम किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या नर्सला तिथे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. तिची कागदपत्रे तपासली जातात, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागू शकते आणि मग ती थेट एनक्लेक्सला बसते. काही राज्ये एखाद्या विषयाचे प्रशिक्षण अपुरे ठरवतात. तेव्हा तेवढाच विषय पूर्ण करायचा असतो. उलट, भारतातली विज्ञानाची पदवी आहे म्हणून प्रीरेक्विझिट आपोआप माफ होतील, हे धरून चालू नये. परदेशी गुणपत्रिकेचे मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि तरीही अनेक कॉलेजे प्रयोगशाळेचे विषय पुन्हा करायला सांगतात. व्हिसाचा प्रश्नही वेगळा हाताळावा. एच-१बी धारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर शिकता येते, पण काम करण्याची परवानगी ही स्वतंत्र गोष्ट आहे. परवाना हाती आला म्हणून नोकरी करता येईलच असे नाही.

कॉलेजचे नाव किती मोठे यापेक्षा पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे अभ्यासक्रमाला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का. ती नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. बोर्डाची मान्यता आणि स्वतंत्र संस्थेचे दर्जाविषयक अ‍ॅक्रेडिटेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली परवान्यासाठी लागते. दुसरी पुढे बीएसएनला जाताना आणि काही नोकऱ्यांत उपयोगी पडते. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात सात हजारांहून अधिक बनावट नर्सिंग पदव्या विकल्याचे प्रकरण उघड झाले. पैसे मोजून लवकर पदवी मिळवण्याचा तो मार्ग होता, आणि कागदपत्रे खरी वाटावीत इतकी नीट तयार केलेली होती. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी बोर्डाच्या संकेतस्थळावर कॉलेजचे नाव स्वतः शोधा आणि त्याच्या विद्यार्थ्यांचा एनक्लेक्सचा गेल्या काही वर्षांचा निकाल पाहा. बहुतेक राज्यांची बोर्डे तो कॉलेजनिहाय जाहीर करतात.