रिकामी जागा न ठेवणारी पिशवी

अलास्काचा नकाशा पुढ्यात घ्या आणि त्यावर रस्ते शोधा. महाराष्ट्राच्या साडेपाचपट मोठा मुलूख, पण लोकवस्ती साडेसात लाखांच्या आत, म्हणजे नाशिक शहराच्या जेमतेम निम्मी. दहापैकी आठ गावं रस्त्यांच्या जाळ्याबाहेर आहेत. राजधानी जुनोलासुद्धा बाहेरून गाडीने जाता येत नाही. टपाल, औषधं, शाळेतले शिक्षक, बाळंतपणाला निघालेली बाई, सगळ्यांची वाट आभाळातून जाते. कार्ल बेन आयल्सन यांनी फेब्रुवारी 1924 मध्ये फेअरबँक्सहून मॅकग्राथला विमानाने टपाल नेलं. कुत्र्यांच्या गाडीला जवळपास तीन आठवडे लागणारं अंतर त्यांनी तीन तासांच्या आत कापलं. तेव्हापासून छोटी विमानं इथल्या जगण्याचा कणा झाली आहेत. त्यांना ‘बुश प्लेन’ म्हणतात. धावपट्टी नसली तरी नदीकाठच्या गोट्यांवर, तळ्यात, हिमनदीवर ती उतरतात.

त्यांतलं सर्वांचं लाडकं म्हणजे पायपर सुपर कब. 1949 मध्ये आलेलं हे विमान म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि एकामागे एक दोन जागा. पंखांतल्या दोन टाक्यांत मिळून सुमारे 136 लिटर इंधन मावतं. 150 अश्वशक्तीचं इंजिन ताशी तीसेक लिटर पितं, म्हणजे साधारण चार तासांचं उड्डाण. पण जिथे उतरायचं तिथे पंप नसतो. परतीचं इंधन जातानाच राखावं लागतं, शिवाय वारा आणि धुकं यांच्यासाठी थोडं वेगळं. त्यामुळे चार तासांच्या टाकीतून खरा पल्ला हाती येतो तो दोन तासांहूनही कमी.

मग जास्तीचं इंधन न्यायचं कशात? पूर्वी ते सुमारे 19 लिटरच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून जायचं. दोन डब्यांचं एक लाकडी खोकं असे आणि रिकाम्या खोक्यांची दूरवरच्या झोपड्यांत कपाटं होत. 200 लिटरचं लोखंडी पिंप रिकामंच पंधरा-वीस किलोंचं भरतं. पण वजनापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. डबा रिकामा झाला तरी जागा तेवढीच अडवतो. इंधन ओतून झाल्यावर विमानात मुख्यतः हवा भरून परत आणायची, हे ज्या विमानात हात पसरायलाही जागा नसते तिथे परवडत नाही.

इथे कामाला येते ती लवचीक पिशवी. घट्ट विणीच्या नायलॉनवर पॉलियुरेथेनचा थर चढवतात, कडा उष्णतेने एकजीव करतात, तोंडाशी धातूची किंवा चिवट प्लास्टिकची जोडणी बसवतात. आपल्याकडे रेड्याच्या पाठीवर पाणी वाहणारी पखाल असे, तिचीच ही इंधनासाठीची बहीण. भरली की जागेचा आकार घेते, रिकामी झाली की गुंडाळी होऊन सीटखाली जाते. परतीच्या वाटेवर तीच जागा माशांना, शिकारीच्या मांसाला किंवा माणसाला मोकळी असते.

पण खरं आश्चर्य पुढेच आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात, साधारण दीड ते साडेसात टक्के, मिसळली तरच. अर्धवट भरलेल्या डब्यात पेट्रोलच्या डोक्यावर नेमकी ही मिसळण जमायला वाव असतो. पिशवीतली हवा पिळून काढता येते. जसजसं इंधन कमी होतं तसतशी पिशवी स्वतः मिटत जाते, वाफेला वेगळी खोली मिळतच नाही.

उंचीचंही तसंच. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्केच उरतो. बंद डब्यात कोंडलेली हवा तिथे भिंतींवर रेटा देते आणि डबा फुगतो. द्रव मात्र दाब घटल्याने जवळपास फुगत नाही, म्हणून हवा काढलेली पिशवी शांत राहते. उबेने मात्र पेट्रोल प्रसरण पावतं. तापमान तीस अंशांनी वाढलं तर शंभर लिटरचे जवळपास 103 होतात. पिशवी गच्च भरली नसेल तर तेवढं सहज सामावून घेते.

या गुणांची किंमतही आहे. शंभर लिटर विमान-पेट्रोल म्हणजे सुमारे 72 किलो, आणि ते बहुधा मागच्या बाजूला ठेवलं जातं. विमानाचा गुरुत्वमध्य फार मागे सरकला तर नाक वर उचललं जातं आणि विमान आवरणं कठीण होतं. म्हणून पिशवी पट्ट्यांनी जखडतात, वजनाचा हिशेब कागदावर मांडतात. वाहतं पेट्रोल स्थिरविद्युत गोळा करतं आणि कोरड्या थंडीत ती सहज निचरत नाही. म्हणून ओतण्याआधी पिशवीची धातूची जोडणी आणि विमानाचा धातूचा भाग तारेने जोडतात, मगच तोंड उघडतात. पिशवीतून वाफ अगदी हळू झिरपतेही, आणि घडी एकाच रेषेवर पडत राहिली किंवा ऊन लागत राहिलं तर थर तडकतो. म्हणून महिनोन्‌महिने इंधन भरून ठेवायचं नसतं आणि प्रत्येक वेळी कडा तपासायच्या असतात.

नियमही ही जोखीम ओळखतात. अलास्कात प्रवासी असलेल्या छोट्या, वेळापत्रकाबाहेरच्या विमानातून सुटं इंधन नेण्याला सवलत आहे, पण 76 लिटरपर्यंत, धातूच्या डब्यांतून, आणि दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल तरच. पिशवी थेट विमानाच्या इंधननळीला जोडायची तर ती विमानाचाच भाग ठरते आणि तिला रीतसर मंजुरी लागते.

एवढ्याशा विमानात जडही जपावं लागतं आणि पोकळही. भांड्यात किती मावतं हे आपण नेहमी विचारतो. रिकामं झाल्यावर ते किती जागा मागतं, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे, आणि या साध्या पिशवीने त्याचं उत्तर उत्तम दिलं आहे.