ड्युटी बदलते तेव्हा

रुग्णालयाच्या वॉर्डात दिवसातून दोन-तीन वेळा एक छोटासा कार्यक्रम होतो. त्याला हार नाहीत, तुरे नाहीत, आणि पेशंटच्या नातेवाइकांचे तर तिकडे लक्षही नसते. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन एकेका खाटेपाशी थांबते. ‘तीन नंबरच्या आजोबांना संध्याकाळपासून लघवी झालेली नाही, लक्ष ठेव. सात नंबरची सलाईन अकराला संपेल. नऊ नंबरच्या मुलाची आई सकाळपासून उपाशी आहे, तिलाही विचार.’ परिचारिकांच्या भाषेत याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात.

यातले अर्धे केसपेपरवर लिहिलेले असते. उरलेले अर्धे कुठेच लिहिलेले नसते. ते एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात जाते. नर्सिंगचे शिक्षण घेऊन आलेली मुलगी खऱ्या अर्थाने सिस्टर होते ती या उरलेल्या अर्ध्यामुळे.

आता नाव विचारण्याचेच घ्या. औषध देताना योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी तपासायच्या, हे प्रत्येक विद्यार्थिनी घोकून येते. पण जुनी सिस्टर तिला सांगते, ‘“तुम्ही अमुकच ना?” असं कधी विचारू नकोस. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. “तुमचं नाव सांगा,” असं विचार.’ आमच्याकडच्या गावांत एकाच वाडीत एकाच आडनावाची दहा घरे असतात. त्यात उशाशी बसलेली आजी नवऱ्याचे नाव घ्यायला लाजते. मग मुलाचे नाव, वाडीचे नाव, असा वळसा घालून पेशंटची ओळख पटवावी लागते. पाच मिनिटे जातात खरी. पण चुकीचे इंजेक्शन टळते.

विजयदुर्गसारख्या ठिकाणी या तोंडी विद्येची किंमत जास्तच. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी, आणि जमिनीकडून येणारा रस्ता इथे येऊन संपतो. पर्यटकाला याचे कौतुक. आजाऱ्याला मात्र त्याच रस्त्याने उलटे जायचे असते. पडेलचे आरोग्य केंद्र, देवगडचे ग्रामीण रुग्णालय, कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय, मग ओरोस, अशा पायऱ्या. तिथेही भागले नाही तर तळेऱ्याहून करूळ घाट चढून कोल्हापूर, नाहीतर दक्षिणेला गोव्यातले बांबोळी. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या, २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. बदल चांगलाच. पण वळणे तीच आहेत आणि पावसाळाही तोच आहे.

आजारही इथल्या मातीचे आणि पाण्याचे. पाकटाची नांगी लागलेला खलाशी, आंब्याच्या झाडावरून पडलेला गडी, बागेत फवारणी करताना औषध अंगात भिनलेला नेपाळी मजूर (त्याच्याशी बोलायला हिंदी हवी), लावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप. आणि पहिल्या पावसापासून सर्पदंश. फुरसे चावले तर रक्त गोठेनासे होते. ते तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे तसेच ठेवायचे. नळी तिरपी केल्यावर रक्त पातळच राहिले तर विषाने आपले काम सुरू केले आहे असे समजायचे. पण या वीस मिनिटांत नातेवाईक दारात उभे असतात, आणि नव्या मुलीचा हात नळीकडे सारखा जातो. तेव्हा अनुभवी सिस्टर सांगते, ‘नळी हलवून बघू नकोस. घड्याळ बघ. आणि नळी काचेचीच घे, प्लास्टिकची नको.’

मण्यारीचे दुखणे याहून फसवे. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंशाची जागा दुखतेच असे नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पेशंटच्या पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. नातेवाईक म्हणतात, ‘दमलाहा, झोपांदे.’ इथे ज्येष्ठ सिस्टरचा एक नियम उपयोगी पडतो: ओरडणाऱ्या पेशंटकडे सगळ्यांचे लक्ष जाते, अचानक शांत झालेल्याकडे आपण आधी जायचे. त्याला हाक मारायची, डोळे उघडायला लावायचे, श्वास मोजायचा. घरच्यांसाठीही एवढे सांगायला हवे की जखम कापणे, चोखणे, दोरी आवळणे यांतले काहीही न करता, त्याला चालायला न लावता थेट रुग्णालय गाठावे.

पेशंट पुढे पाठवायचा झाला की ओव्हर गाडीतून जाते. कोणते औषध किती वाजता दिले, नाडी किती होती, शेवटचे कधी खाल्ले, सगळे कागदावर. तो कागद पेशंटच्या उशाखाली न ठेवता सोबतच्या माणसाच्या हातात द्यायचा, आणि त्याच्याकडून एकदा वदवून घ्यायचा. पुढची सिस्टर अनोळखी असते. तिच्यासाठी तो कागदच बोलत असतो.

ही साखळी किती लांब जाऊ शकते, याचे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या जवळजवळ बेचाळीस वर्षांत त्यांना भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे, सारे तिथल्या परिचारिकांनी केले. इतकी वर्षे पडून असलेल्या त्या देहाला शय्याव्रण झाले नाहीत, याचा उल्लेख त्यांच्या इच्छामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. निर्णयाचा अधिकार त्यांची सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

इच्छामरणाच्या प्रश्नावर मतभेद असू शकतात. पण शय्याव्रण न होण्याचा अर्थ काय, हे घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळणाऱ्या कोणालाही कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुतीही राहू द्यायची नाही, त्वचा कोरडी ठेवायची. एका सिस्टरची सगळी नोकरीही बेचाळीस वर्षांची नसते. अरुणाताईंना सुस्थितीत पाहिलेल्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या मुलींनी त्यांना भरवले. हे कोणत्या नियमपुस्तकाने झाले नाही. एकीने दुसरीला ओव्हर दिले, म्हणून झाले.

सिस्टरने स्वतःला कसे जपायचे, हेही तिला मैत्रिणीच शिकवतात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नकोस, थेट डब्यात टाक. टोचलीच तर बोट दाबत बसू नकोस. साबण-पाण्याने धू आणि लपवू नकोस, लगेच सांग, कारण एचआयव्ही रोखणारी औषधे जितकी लवकर तितकी उपयोगी, ७२ तासांच्या आत तर हवीतच. काविळीच्या ‘बी’ प्रकाराच्या लशीचे तिन्ही डोस पुरे कर. संतापलेल्या नातेवाइकापुढे आधी खुर्ची सरकव, मग बोल. बसलेल्या माणसाचा आवाज खाली येतो. वॉर्डातल्या मावशींना आणि मामांना विचारत जा, तू यायच्या आधीपासून ते इथे आहेत. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, आणि त्यात परिचारिकाही येतात. पण मध्यरात्री वॉर्डात कायद्याआधी शेजारच्या वॉर्डातली सिस्टरच धावून येते.

शेजारच्या वॉर्डात सिस्टर असेल तर, असे म्हणायला हवे. जागा रिकामी राहते, एकीवर दोन वॉर्ड येतात, कंत्राटावर आलेली मुलगी जरा तयार होते तोवर तिची मुदत संपते. अशा वेळी पहिला बळी ओव्हरचाच जातो. खाटेपाशी थांबून बोलायची दहा मिनिटे दोन वाक्यांवर येतात. आजोबांची लघवी त्या दोन वाक्यांत बसत नाही. भरतीच्या जाहिरातीत ही तूट दिसत नाही आणि इमारतीच्या उद्घाटनाने ती भरून निघत नाही.

आपल्याला यात काय करता येईल? रुग्णालयात जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते न विचारता सांगावे. रात्री सोबतीला थांबणारा माणूस बदलला तर आपणही आपसांत ओव्हर द्यावे: काय खाल्ले, कधी झोपले, डॉक्टर काय म्हणाले. आणि दोन सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून बोलत असतील तेव्हा ‘गप्पा काय मारताय?’ असे म्हणण्याआधी क्षणभर थांबावे. त्या बहुधा आपल्याच माणसाबद्दल बोलत असतात.