पाठ टेकली की नाही? कुस्तीत पंच निर्णय कसा देतात, आणि यात्रेतली भांडणं कशी टळतील

निमोणे (ता. शिरूर) : यात्रांचा हंगाम आला की घोडनदीच्या पट्ट्यात गावोगाव हलगी घुमते. आखाडा भरतो, इनाम पुकारलं जातं, आणि एखाद्या कुस्तीला हमखास वाद होतो. "पाठ टेकली", "नाय टेकली". मग दोन्हीकडची माणसं आखाड्यात उतरतात. पंचाचा निर्णय नेमका कशावर ठरतो, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. म्हणून हा लेख.

राज्यात गाजलेले दोन वाद

जानेवारी २०२३ ला पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख समोरासमोर होते. महेंद्रने बाहेरची टांग मारली आणि पंचांनी ४ गुण दिले. सिकंदरच्या चाहत्यांचं म्हणणं, तो धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, मग ४ गुण कशाचे? महिनाभर प्रत्येकाच्या मोबाईलवर तीच क्लिप फिरत होती.

दुसरा वाद २ फेब्रुवारी २०२५ चा, अहिल्यानगरचा. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. वाद वाढला आणि त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणाच्या वादातून थोडे सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला. गदा पृथ्वीराजला मिळाली. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर कुस्तीगीर संघाने ३ वर्षांची बंदी घातली. निर्णय बरोबर का चूक यावर आजही पारावर दोन तट आहेत.

नियम काय सांगतो?

चितपट : दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत, आणि वरच्या पैलवानाचा ताबा पंचाला स्पष्ट दिसेल इतका वेळ ते टेकलेले राहिले पाहिजेत. नुसती पाठ घासून पैलवान गोल फिरून निघाला, तर ती चितपट नाही. पाठीला माती लागली म्हणजे हरला असंही नाही. ती माती आधीच्या झटापटीतलीही असू शकते.

२ गुण का ४ गुण : समोरच्याला खाली घेऊन मागून ताबा मिळवला तर २ गुण. उभ्या डावातून थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे वळलेल्या अवस्थेत टाकलं तर ४. पैलवान कुशीवर पडला का पाठीकडे वळला, एवढ्यावर दुप्पट फरक पडतो. २०२३ चा सगळा वाद एवढ्याच गोष्टीवर होता.

निर्णय एकट्याचा नसतो : मोठ्या स्पर्धेत आत एक पंच, बाजूला एक पंच आणि टेबलावर मॅट चेअरमन असे तिघं असतात. तिघांतल्या दोघांचं एकमत लागतं. गुण पटला नाही तर पैलवानाच्या बाजूने चॅलेंज मागता येतं, मग व्हिडिओ बघतात. चॅलेंज चुकलं तर समोरच्याला १ गुण जातो. जागतिक नियमात चितपटीवर मात्र चॅलेंज नाही. कारण चितपट खरी आहे का, याची खात्री मॅट चेअरमननेच आधी करायची असते. म्हणजे तिथे जबाबदारी पंचांवर जास्त येते.

माझाच अनुभव

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावच्या यात्रेत माझ्या पुतण्याची पाच हजारांची कुस्ती होती. पंचांनी समोरच्याचा हात वर केला. आमची भावकी आखाड्यात घुसली. खोटं कशाला सांगू, त्यात मीपण होतो. तासभर बाचाबाची झाली, अंधार पडला, राहिलेल्या कुस्त्या रद्द झाल्या. लांबून आलेले पैलवान कुस्ती न करता, इनाम न घेता माघारी गेले. मानाची शेवटची कुस्तीसुद्धा लागली नाही.

घरी आल्यावर मोबाईलवरचा व्हिडिओ मी दहा वेळा बघितला. डावा खांदा टेकलेला स्पष्ट दिसत होता. उजवा पंचाच्या पायाआड गेला होता. म्हणजे ज्या व्हिडिओच्या जोरावर मी भांडलो, त्यात काहीच ठरत नव्हतं. रात्री जेवताना पोरगं खाली मान घालून म्हणालं, "तात्या, टेकली होती." त्याला आखाड्यातच माहीत होतं. पण आमच्या आरड्याओरड्यात त्याला विचारलं कुणी?

पंचसुद्धा चुकतो, हे खरंय. पैलवानाची वर्षभराची मेहनत, खुराकाचा खर्च, बापाचं कर्ज एका शिट्टीवर जातं. म्हणून राग येणं समजू शकतो. पण लाथ मारली की पंचाची चूक बाजूला राहते आणि चर्चा फक्त लाथेची होते.

रग्बीवाल्यांकडून घेण्यासारखं

रग्बी हा कुस्तीइतकाच धसमुसळा खेळ. तिथे मोठ्या सामन्यात पंचाच्या अंगावर माइक असतो. निर्णय का दिला, हे तो बोलतो आणि टीव्हीवर सगळ्यांना ऐकू येतं. पंचाशी बोलायचा हक्क साधारण कॅप्टनलाच असतो. वाद तिथेही होतात, पण प्रेक्षकाला निर्णयाचं कारण तरी कळतं. आपल्या यात्रेत माइक असतोच. त्यावर देणगीदारांची नावं तासभर वाचली जातात, मग निर्णयाचं कारण दोन वाक्यांत सांगायला काय हरकत आहे?

यात्रा कमिटीने एवढं करावं

१. कुस्ती निकाली आहे का गुणांवर, वेळ किती, बरोबरी सुटली तर इनामाचं काय, हे जोड लावतानाच माइकवर सांगावं.

२. मोठ्या इनामाच्या कुस्तीला एकाऐवजी तीन पंच ठेवावेत. त्यातला एक तरी बाहेरगावचा जाणकार वस्ताद असावा.

३. दोन बाजूंनी दोन मोबाईल स्टँडवर लावावेत. वाद झाला तर फक्त तेच व्हिडिओ बघायचे, प्रेक्षकातले नाहीत.

४. पैलवानाच्या बाजूने एकट्या वस्तादाने बोलावं. भावकीने दोरीच्या बाहेर थांबावं.

५. निर्णय देताना पंचाने कारण माइकवर सांगावं.

यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही. यंदा यात्रेची बैठक बसेल तेव्हा इनामाच्या आकड्याबरोबर हे पाच मुद्दे पण वहीत लिहून घ्या.