आडात असेल तर पोहऱ्यात येईल : इन्व्हर्टर घेण्यापूर्वी थोडा हिशेब



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा याविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. गेल्या हंगामात गावोगावच्या फेऱ्यांमध्ये एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला गेला : "साहेब, इन्व्हर्टर घ्यावं म्हणतो, कोणतं घेऊ?" शेतात वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. उसाची जागल करावी लागते. मोबाइल तर आता सातबाऱ्याइतकाच गरजेचा झाला आहे. तेव्हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर दुकानात जाण्यापूर्वी घरी कागद-पेन्सिल घेऊन काढायचे असते, हे सांगण्यासाठी हा लेख.

जानेवारीतील गोष्ट. वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या शिवारात आम्ही सकाळीच पोचलो. एका सभासदांचा ऊस आदल्या दिवशी तुटला होता, ट्रॉली भरून उभी होती आणि ट्रॅक्टर काही केल्या चालू होईना. चावी फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज. चौकशी केली तेव्हा कळले की, भाऊंनी नवा इन्व्हर्टर आणला होता आणि रात्री ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून कोठ्यावर रानडुकरांसाठी एक फोकस आणि एक लहान टीव्ही चालवला होता. भाऊ म्हणाले, "साहेब, मशीन तं नवीच हाये. दुकानदार म्हने हजार वॅटची हाये. मंग बॅटरी कशी बसली?"

शेजारच्या शेतातील ट्रॅक्टर आणून तारा जोडून इंजिन चालू केले, पण दुपार झाली. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण म्हणतो, कारण त्यापुढे वजनही घटते आणि उताराही घटतो. एका रात्रीच्या उजेडाची ही किंमत.

त्याच कोठ्याच्या आढ्याला बिनकवचाच्या तारेचे एक भेंडोळे टांगलेले आम्हाला दिसले. त्याविषयी लेखाच्या शेवटी लिहू.

इन्व्हर्टर वीज तयार करीत नाही

बॅटरीत वीज साठते ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी, आणि अवघ्या १२ व्होल्टची. घरातील दिवे-पंखे चालतात ते २३० व्होल्टच्या एसी विजेवर. एकीचे दुसरीत रूपांतर करायचे एवढेच इन्व्हर्टरचे काम. मोटारपंप पाणी तयार करीत नाही, विहिरीतले उपसतो, तसेच हे. बॅटरी ही विहीर, इन्व्हर्टर हा पंप. यंत्रावर लिहिलेले हजार वॅट म्हणजे पंप केवढा मोठा आहे ते. विहिरीत पाणी किती आहे ते नव्हे. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता आसेगावच्या भाऊंचा हिशेब पाहा. फोकस, टीव्ही आणि मोबाइल मिळून १०० वॅट. यंत्रात होणारी घट धरून बॅटरीतून दर तासाला सुमारे १० अँपिअर-अवर जात होते. सहा तासांत ६० अँपिअर-अवर गेले. ट्रॅक्टरची बॅटरी ८० ची. उरलेल्यात इंजिन फिरवण्याचा जोर कोठून राहणार? पुष्कळ इन्व्हर्टर बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरल्यावरच आपोआप बंद पडतात. बॅटरी भरलेली असता विश्रांतीत साधारण १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी असता १२.२ च्या आसपास. म्हणजे यंत्राने घंटा वाजवली तेव्हा बॅटरी केव्हाच रिकामी झालेली असते.

दुसरी गोष्ट, वाहनाची बॅटरी आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी या दोन जाती आहेत. वाहनाच्या बॅटरीतील पत्रे पातळ असतात. क्षणभर मोठा जोर द्यायचा आणि लगेच इंजिनाकडून पुन्हा भरून घ्यायचे, हा तिचा स्वभाव. तिला रात्रभर हळूहळू रिकामे केले तर थोड्याच दिवसांत ती कामातून जाते. रात्रभराच्या कामासाठी जाड पत्र्याची ट्यूब्युलर बॅटरी असते. शर्यतीचा बैल नांगराला जुंपू नये, तसेच हे.

आधी भार मोजा

कागदावर तीन रकाने आखा : वस्तू, तिचे वॅट, किती तास चालणार. नमुन्यादाखल शेतातील कोठ्याचा हिशेब देतो.

९ वॅटचे दोन एलईडी दिवे, ५ तास : ९० युनिटांश.
कमी विजेवर चालणारा नव्या पद्धतीचा पंखा, ३० वॅट, ८ तास : २४०.
दोन मोबाइल, मिळून २० वॅट, २ तास : ४०.

एकूण ३७०. येथे युनिटांश म्हणजे वॅट गुणिले तास. असे हजार झाले की मीटरवरचे एक युनिट. इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के घट होते आणि यंत्र नुसते चालू ठेवले तरी स्वतःसाठी थोडे खाते. म्हणून हा आकडा ५०० धरावा.

आता बॅटरीकडे वळू. १२ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर-अवर म्हणजे १,२००. परंतु ॲसिडची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये, तरच ती वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे हाताशी ६०० राहिले. आपले काम ५०० चे, तेव्हा भागले. आता हाच पंखा जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा असेल तर एकट्या पंख्यालाच ६०० लागतात. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा पंखा बदलणे स्वस्त पडते, हे अशा हिशेबानेच कळते.

लिथियम फॉस्फेटच्या बॅटऱ्या आता बाजारात आल्या आहेत. त्या वजनाला हलक्या असतात आणि ८० टक्क्यांपर्यंत वापरता येतात. किंमत मात्र अधिक, आणि चार्जर त्यांच्या जातीचाच लागतो. जुन्या चार्जरवर नवी बॅटरी लावण्याचा प्रयोग करू नये.

मोटर चालन काय?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला तिची स्वतःची घट धरून सुमारे साडेचार हजार वॅट लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून एवढे काढायचे तर ४०० अँपिअरच्या वर प्रवाह ओढावा लागेल. शिवाय मोटार सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह घेते. एका बॅटरीवर हे काम होणे नाही. कोणी होते असे सांगत असेल तर त्याला आपल्या बांधावर चालवून दाखवायला सांगा.

सौर कृषिपंपाची गोष्ट वेगळी. तेथेही पॅनेलमधील डीसी वीज एसीत बदलणारा कंट्रोलर असतो, पण बॅटरी नसते. ऊन आहे तोवर पाणी. पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ४,८०० वॅटची पॅनेल लागतात. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही राज्य शासनाची योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण आहे. मोटारीसाठी हा मार्ग, दिव्या-पंख्यासाठी इन्व्हर्टर. दोहोंची गल्लत करू नये.

छतावरील सौर संचाबाबतही एक खुलासा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून ज्यांनी विजेच्या लाइनीला जोडलेला साधा संच बसवला आहे, त्यांचा इन्व्हर्टर लाइन गेली की बंद पडतो. तो बिघाड नव्हे. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. लाइन गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीसह चालणारा संच घ्यावा लागतो.

घेताना पाहावयाच्या गोष्टी

पहिली, लाटेचा प्रकार. शुद्ध साइन लाटेचा इन्व्हर्टर थोडा महाग पडतो, पण त्यावर पंखा, मिक्सर, फवारणी पंपाचा चार्जर सगळे नीट चालते. स्वस्तातील चौकोनी लाटेवर पंखा घुमतो आणि मोटारीची वस्तू तापते. नुसत्या एलईडी दिव्यांसाठी मात्र तो चालून जातो.

दुसरी, व्हीए आणि वॅट यांतील फरक. ९०० व्हीए लिहिलेले यंत्र ९०० वॅट देत नाही, साधारण ७०० च्या आसपास देते. पावतीवर वॅटचा आकडा लिहून घ्यावा.

तिसरी, व्होल्टेज. ट्रॅक्टर आणि जीप १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट. ऊसवाहतुकीच्या ट्रकवर १२ व्होल्टचा इन्व्हर्टर जोडला तर तो जळतो. दोनपैकी एकाच बॅटरीवरून वीज घेण्याची युक्तीही करू नये. एक बॅटरी उपाशी आणि दुसरी तुडुंब राहून दोन्ही लवकर खराब होतात.

चौथी, तार. वाहनातील लायटरच्या खाचेतून १०० ते १२० वॅटपेक्षा अधिक भार घेऊ नये. त्याहून मोठा इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडावा. १२ व्होल्टवर ५०० वॅट म्हणजे जवळजवळ ५० अँपिअर. घरच्या दिव्याची तार तेथे वितळते. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तीही हातभर-दोन हातच, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात योग्य क्षमतेचा फ्यूज, हा नियम पाळावा. वाहनावर वापरताना इंजिन चालू असावे. बंद असताना अर्ध्या-पाऊण तासापलीकडे नको.

पाचवी, निगा. बॅटरीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये, बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणीच घालावे. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवावी आणि जवळ बिडी ओढू नये. ऊसतोड मजुरांच्या कोपीत, पाचटाशेजारी बॅटरी मुळीच ठेवू देऊ नका.

सहावी, घरच्या वायरिंगला जोडणी. ती जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावी आणि मध्ये चेंजओव्हर स्विच असावा. आपल्या घरातील वीज उलट दिशेने लाइनीत शिरली तर रोहित्रातून ती ११,००० व्होल्टच्या तारेपर्यंत जाऊ शकते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते. तो कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

त्या भेंडोळ्याविषयी

आता आढ्याला टांगलेल्या तारेची गोष्ट. आम्ही विचारले तेव्हा भाऊ थोडे घुटमळले. मग म्हणाले, "डुकरं लय झाले साहेब. रोहीबी येते. बांधाले तार लावतो अन् मशीनले जोडतो. लाइनीचा करंट नाही, बॅटरीचा हाये. थो काय एवढा लागते?"

बंधूंनो, हा समज मनातून काढून टाका. बॅटरीचे १२ व्होल्ट बोटाला जाणवत नाहीत हे खरे. परंतु इन्व्हर्टरमधून बाहेर पडतात ते २३० व्होल्ट, घरच्या लाइनीचे तेच. १०० वॅटचे लहान यंत्रही ४०० मिलिअँपिअर देऊ शकते, आणि छातीतून १०० मिलिअँपिअर गेले तरी माणूस दगावू शकतो. अंधारात तारेला डुक्कर शिवेल की माणूस, हे तारेला कळत नाही. आपल्या फडात पहाटे टोळी येते. बायाबापड्या बांधावरून पाण्याला जातात, मागे पोरे असतात. अशा तारांनी स्वतः लावणारा शेतकरीच गेल्याच्या बातम्या विदर्भात दरवर्षी वाचाव्या लागतात. कायद्याची शिक्षा आहे ती वेगळीच.

कुंपणासाठी 'झटका मशीन' मिळते, ते इन्व्हर्टर नव्हे. ते सेकंदाला साधारण एकदा, क्षणाच्याही बारीक अंशापुरता ठोका देते. जनावर बिचकून मागे फिरते, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये प्रवाह नसल्याने तार सोडवून घेता येते. प्रमाणित मशीनच घ्यावे, कुंपणावर ठिकठिकाणी धोक्याच्या पाट्या लावाव्यात आणि टोळीच्या मुकादमाला ते दाखवून ठेवावे. वनालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौरकुंपणाला अनुदानाची तरतूद आहे. आपले गाव त्यात बसते का, ते वन विभागाच्या कार्यालयात विचारावे.

भाऊंनी आमचे ऐकून घेतले. काही बोलले नाहीत. त्यांच्या घरच्या बाईंनीच भेंडोळे काढून आमच्या जीपमध्ये आणून टाकले आणि म्हणाल्या, "घेऊन जा साहेब. हे घरात असलं की मले झोप येत नाही." ती तार आजही गट कार्यालयात पडून आहे.

ज्या सभासदांना आपल्या भाराचा हिशेब करून हवा असेल त्यांनी वस्तूंची यादी घेऊन गट कार्यालयात यावे. आमचे कर्मचारी कागदावर मांडून देतील. त्यासाठी काही द्यावे लागणार नाही. येताना लागणीची नोंद राहिली असेल तर तेवढी करून जावी.

आपले,
ऊस विकास विभाग