कोठडीत लिहिलेले पाठ्यपुस्तक

जवाहरलाल नेहरूंचे शिक्षण सरळ रेषेत झाले: हॅरो, केंब्रिज, मग लंडनची बॅरिस्टरी. आता त्यांच्या मुलीचे पाहा. अलाहाबाद, जिनिव्हा, पुन्हा अलाहाबाद, पुणे, शांतिनिकेतन, ब्रिस्टल, ऑक्सफर्ड! मोतीलालांची नात, आनंद भवनातली लाडकी लेक. तिला एका जागी शिकता येऊ नये? पण त्या घराची घडी कधी सरकारचे अटक वॉरंट विस्कटी, तर कधी आई कमला यांचे आजारपण.

मग इंदिरा शिकली कुठे? निम्मे उत्तर टपालात आहे.

१९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि वडील अलाहाबादला. त्यांनी तिला तीस पत्रे लिहिली. विषय काय, तर पृथ्वी कशी झाली, जीव कुठून आले, माणूस बोलू कसा लागला! नदीकाठचा साधा गोटा हातात घेऊन त्याच्या गुळगुळीतपणातून त्याचा सारा प्रवास वाचायचा, असा तो अभ्यास. पुढे या पत्रांचा हिंदी अनुवाद केला तो साक्षात प्रेमचंदांनी.

पण खरी कमाल त्यानंतरची. २६ ऑक्टोबर १९३० ला नैनी तुरुंगातून नेहरूंनी तिला तेराव्या वाढदिवसाचे पत्र लिहिले. तिचा जन्म तर १९ नोव्हेंबरचा! मग ऑक्टोबर कसा? तिथीने. कार्तिक शुद्ध पंचमी त्या वर्षी ऑक्टोबरातच आली होती. कैद्याने भेट काय पाठवायची? त्यांनी जगाचा इतिहास पाठवायला घेतला. ऑगस्ट १९३३ पर्यंत, मधल्या सुटकेचा काळ बहुतांशी वगळून, या तुरुंगातून त्या तुरुंगात जात त्यांनी १९६ पत्रे लिहिली. हाताशी ग्रंथालय नाही. मिळतील ती पुस्तके, स्वतःची टिपणे आणि अफाट स्मरणशक्ती, एवढ्यावर ग्रीस, चीन, अशोक, चंगीझखान, रशियन क्रांती! शिवाय कैद्याला बाहेर पत्रे धाडता येत ती मोजकीच. त्यामुळे यातली बरीच पत्रे लगेच टपालात न पडता साठत गेली. वाचणारी समोर नाही, उत्तर येणार नाही, तरी शिकवणारा थांबत नाही. मला तर या चिकाटीचे नवल त्या विद्वत्तेहूनही अधिक वाटते.

या काळात विद्यार्थिनी होती आपल्या पुण्यात! १९३१ पासून ती जहांगीर आणि कुंवरबाई वकील या दांपत्याच्या शाळेत शिकत होती. आत्या विजयालक्ष्मींच्या मुलीही तिथेच. आणि इतिहास तरी केवढा जवळ! सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालले होते. इंदिरा त्यांना भेटली, आणि उपाशी गांधीजींनी डेहराडूनच्या तुरुंगात तिच्या वडिलांना तार केली: इंदू आनंदी दिसते, अंगानेही जरा भरली आहे. प्राण पणाला लावलेला माणूस दुसऱ्या कैद्याला त्याच्या लेकीची खुशाली कळवतो!

१९३४ साली ती पुण्याहून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाली आणि शांतिनिकेतनला गेली. तिथेही वर्ष उलटते न उलटते तोच आईला घेऊन युरोप गाठावे लागले. फेब्रुवारी १९३६ मध्ये लोझानला कमला वारल्या. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात इंदिरा इतिहास शिकायला बसली खरी, पण अडली ती लॅटिनपाशी. प्रकृतीनेही साथ दिली नाही. १९४१ साली ती पदवीविनाच परतली.

तीस वर्षांनी, पंतप्रधान असताना, ऑक्सफर्डनेच त्यांना मानद डॉक्टरेट दिली.