तापीपासून महासागरापर्यंत



भूगोलाच्या पुस्तकात महासागर, समुद्र आणि नद्या यांची नावे आपण सर्वांनीच पाठ केली आहेत. पॅसिफिक सर्वांत मोठा, आर्क्टिक सर्वांत लहान, नाईल सर्वांत लांब, ॲमेझॉन सर्वाधिक पाण्याची, ही उत्तरे परीक्षेपुरती लक्षात राहतात आणि पुढे विस्मरणात जातात. याचे कारण असे की, ही नावे आपल्या गावातील पाण्याशी कशी जोडलेली आहेत हे बहुधा सांगितले जात नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बऱ्हाणपूरच्या नागरिकाचा महासागराशी संबंध काय, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करू. महासागर म्हणजे खंडांना वेढणारा अखंड जलविस्तार. त्याचे पॅसिफिक, अटलांटिक, हिंदी, दक्षिण आणि आर्क्टिक असे पाच भाग आपण सोयीसाठी पाडले आहेत; पाण्याला या सीमा ठाऊक नाहीत. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग या पाण्याने व्यापलेला असून एकट्या पॅसिफिकचा विस्तार १६ कोटी चौरस किलोमीटरहून अधिक आहे. समुद्र म्हणजे महासागराचा भूमीने काही अंशी वेढलेला भाग. आपला अरबी समुद्र हा हिंदी महासागराचाच एक भाग होय. कॅस्पियनला समुद्र म्हणतात खरे, पण तो चहूबाजूंनी भूवेष्टित आहे. व्होल्गा नदीचे पाणी त्यात शिरते, मात्र तेथून बाहेर पडावयास वाफेवाचून मार्ग नाही.

पृथ्वीवरील सर्व पाणी शंभर लिटर मानले, तर त्यातील सुमारे साडेसत्त्याण्णव लिटर खारे ठरते. उरलेल्या अडीच लिटरांपैकी पावणेदोन लिटरांच्या आसपास पाणी हिमाच्या रूपात गोठलेले आहे आणि पाऊण लिटर भूगर्भात आहे. जगातील सर्व नद्यांच्या पात्रांत एका वेळी जे पाणी असते, ते या हिशेबाने जेमतेम तीन-चार थेंब भरेल. ॲमेझॉन, नाईल, गंगा, यांगत्से आणि आपली तापी या सर्वांचा मिळून एवढाच वाटा! तरीही मानवी संस्कृती याच थेंबांच्या काठी वाढली. कारण हे थेंब सतत बदलत असतात. वातावरणातील बाष्प सरासरी नऊ-दहा दिवसांत पावसाच्या रूपाने खाली येते. समुद्रात शिरलेला थेंब मात्र सरासरी तीन हजार वर्षे तेथेच राहतो. पाण्याचा प्रश्न जितका साठ्याचा, तितकाच गतीचाही आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आता तापीकडे वळू. बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५२ मीटर उंचीवर तापीचा उगम होतो. तेथून ७२४ किलोमीटर वाहून ती सुरतेजवळ खंबायतच्या आखातात अरबी समुद्राला मिळते. तिचे खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटरांचे असून त्याचा सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. मुलताईच्याच परिसरात वर्धा नदीही उगम पावते. ती प्राणहितेवाटे गोदावरीस मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाचे काही थेंब पश्चिम समुद्रास, तर काही पूर्व समुद्रास मिळतात. दोन्ही समुद्रांच्या वाटा तेथील एका उंचवट्याने वेगळ्या केल्या आहेत.

द्वीपकल्पातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असताना नर्मदा आणि तापी पश्चिमेकडे का वळल्या? भूशास्त्र त्याचे उत्तर देते. या दोन्ही नद्या भूकवचातील भेगांच्या पट्ट्यात, खचलेल्या दऱ्यांतून वाहतात. त्यांच्यामध्ये सातपुडा उंच उभा आहे. तापी-पूर्णेच्या खचलेल्या दरीत युगानुयुगे गाळ साचत गेला. काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो मीटर आहे. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेले धोंडे, गोटे आणि जाड वाळू यांचा एक पट्टा तयार झाला. भूशास्त्रज्ञ त्याला ‘बझाडा’ म्हणतात. पावसाचे पाणी या पट्ट्यात सहज मुरते आणि जमिनीखालून हळूहळू तापीच्या दिशेने सरकते. बऱ्हाणपूरच्या इतिहासाचा एक मोठा भाग या सरकत्या पाण्यावर उभा आहे.

आपल्या पावसातही दोन्ही समुद्रांचा वाटा आहे. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प आणतात. त्याचबरोबर बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकत तापीच्या खोऱ्यावर येतात. तापीही पूर्वेकडून पश्चिमेकडेच वाहते. त्यामुळे कधीकधी वादळ आणि पूर एकाच दिशेने प्रवास करतात. वरचा लोंढा खाली येतो तेव्हा खालच्या प्रदेशातही पाऊस कोसळतच असतो. सुरत शहराने १९६८ मध्ये आणि ऑगस्ट २००६ मध्ये भीषण पूर अनुभवले. १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरणही दुसऱ्या खेपेस शहराला पुरापासून वाचवू शकले नाही.

समुद्राशी आपले नाते व्यापाराचेही होते. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, काही ठिकाणी दहा मीटरांहून अधिक असतो. मोठी जहाजे सुरतेपर्यंत न येता तापीच्या मुखाजवळ सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकीत. तेथून आग्र्याकडे जाणारा एक मुख्य मार्ग बऱ्हाणपूरवरून आणि असीरगडाच्या खिंडीतून जात असे. इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुवाळीस उतरला आणि नोव्हेंबरमध्ये बऱ्हाणपुरात शाहजादा परवेझ यास भेटला. पुढे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि त्याहूनही दूरच्या देशांत जात असल्याचे नमूद केले आहे.

योगायोग असा की, त्याच १६१५ साली या नगराच्या पाण्याचे एक असामान्य काम झाले. सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे हिंदी दोहेकार रहीम, यांच्या काळात इराणी तज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने सातपुड्याच्या पायथ्याचे ते भूजल हेरले आणि इराणातील कनातीच्या पद्धतीने ते शहराकडे वळविले. हाच आपला कुंडी भंडारा. त्याची रचना समजण्यास सोपी आहे. पायथ्याशी, जेथे भूजलाची पातळी उंच आहे, तेथून शहराकडे अगदी मंद उताराचा भुयारी मार्ग खोदला; वर हवा-उजेडासाठी आणि आतील गाळ काढण्यासाठी ठराविक अंतरावर सुमारे शंभर कुंड्या घेतल्या. पाणी झिरपून मार्गात येते आणि केवळ उताराने वाहते. मोट नको, बैल नकोत, यंत्रही नको. उन्हाळ्यात बाष्पीभवनाचे नुकसानही अत्यल्प.

कुंड्यांच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात. तेही जगाच्या पाण्याची एक खूण आहे. पावसाचे पाणी खडकातून जाताना क्षार विरघळवून घेते. त्यांतील काही भाग कुंडीच्या भिंतीवर साका होऊन बसतो, उरलेला नदीवाटे समुद्रास मिळतो. समुद्रातून पाणी वाफ होऊन निघून जाते, क्षार मागे राहतात. कोट्यवधी वर्षांच्या या व्यवहारातून समुद्राच्या प्रत्येक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार साठले आहेत. समुद्राचा खारटपणा मोठ्या अंशी नद्यांनीच वाहून नेला आहे, असे म्हटल्यास ते चुकीचे होणार नाही.

येथवर आल्यावर आजच्या प्रश्नास बगल देता येत नाही. कुंडी भंडारा एका अटीवर चालतो: भूजलाची पातळी भुयाराच्या तळापेक्षा वर असली पाहिजे. ती खाली गेली, तर दगडी बांधकाम कितीही भक्कम असले तरी भुयार कोरडे पडेल. आज केळीच्या बागांनी या प्रदेशास समृद्धी दिली आहे आणि त्या श्रमांचा आदरच केला पाहिजे. परंतु केळीला पाणी फार लागते आणि ते मुख्यतः विहिरी व कूपनलिकांतून उपसले जाते. पाऊस जेवढे मुरवितो त्याहून अधिक आपण काढीत राहिलो, तर समुद्राने दरवर्षी पाठविलेले पाणी पुराने वाहून जाईल आणि भूगर्भ रिता राहील. मार्च २०२४ मध्ये हे स्थळ खूनी भंडारा या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाले. ही अभिमानाची गोष्ट होय. पण वारसा म्हणजे केवळ कुंड्यांचे बांधकाम नव्हे, त्यांतून वाहणारे पाणीही होय. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार केला. पावसाळ्यातील पाणी अडवून ते भूगर्भात मुरविणे, हा तिचा मुख्य विचार आहे. तो त्या इराणी तज्ज्ञाच्या विचाराहून फार दूरचा नाही. त्याने मुरलेले पाणी वापरले; आपल्याला आता ते मुरवावेही लागणार आहे.

शासनाच्या योजना आपल्या गतीने चालतील. आपल्या हाती मात्र काही गोष्टी आजही आहेत. गच्चीवरचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात किंवा जुन्या विहिरीत सोडता येते. केळीला ठिबकने पाणी देता येते. कुंड्यांभोवतालच्या आणि पायथ्याच्या पट्ट्यातील जमिनीवर फरशी व सिमेंट पसरणे टाळता येते. कुंड्यांच्या परिसरात कचरा व सांडपाणी जाऊ न देणे, हे तर नागरिकाचे किमान कर्तव्य आहे. शाळेतील मुलांना दर महिन्यास एखाद्या विहिरीची पातळी दोरीने मोजून वहीत नोंदविण्यास लावले, तर पाच वर्षांत या गावाजवळ स्वतःची अशी माहिती जमा होईल आणि भूगोल हा पाठांतराचा विषय राहणार नाही.

महासागर आपल्याकडे पाऊस पाठविण्यास विसरत नाही. तो कधी उशिरा येतो, कधी अधिक, कधी उणा, पण येतो. त्यातील किती पाणी तापीवाटे चार दिवसांत परत जाऊ द्यायचे आणि किती आपल्या भूमीत चार वर्षे राखायचे, याचा निर्णय समुद्र करीत नाही. तो आपण करतो. हा निर्णय विचारपूर्वक व्हावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.