उशिरा पोहोचणारा उन्हाळा

कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलँड बेटावर, एलिस्टन नावाचं एक लहानसं मच्छीमार गाव आहे. गावातल्या टेकाडांच्या पोटात, गवताखाली, जागोजागी दारं दिसतात. दार उघडलं की दगडी भिंतींमधली बोळवजा जागा, मग दुसरं दार आणि त्यामागे काळोखी खोली. ही रूट सेलर, म्हणजे कंदमुळं साठवायची जमिनीखालची कोठारं. त्यांतली सर्वांत जुनी १८३९ सालची आहेत. अशा शंभराहून अधिक कोठारांची गावात नोंद झालेली आहे आणि काही आजही वापरात आहेत. वीज नाही, यंत्र नाही, तरी शरद ऋतूत ठेवलेला बटाटा वसंतात टणक निघतो.

या गावाला दुसरा पर्यायच नव्हता. उन्हाळा कॉडच्या मासेमारीत जायचा. घरामागच्या वाफ्यांत कॅपलिन मासे खत म्हणून पुरून बटाटा, सलगम, गाजर, कोबी काढायचा आणि त्यावर पुढचा लांबलचक हिवाळा काढायचा. आज कॅनडात किंवा अलास्कात वस्तीपासून दूर, विजेच्या तारांपलीकडे लाकडी केबिन बांधणारी माणसंही चूल आणि पाणी यांची सोय झाली की अशाच कोठारासाठी कुदळ हाती घेतात. ती खणतात तेव्हा निसर्गाच्या एका विलक्षण गुणाला हात घालतात. जमिनीखाली ऋतू उशिरा पोहोचतात!

दुपारचं ऊन मातीत शिरतं, पण फार खोल जात नाही. दिवस-रात्रीचा चढउतार ओलसर मातीत हातभर खोलीवर जवळजवळ विरून गेलेला असतो. उन्हाळा-हिवाळ्याची लाट मात्र संथ असते, म्हणून ती खोलवर उतरते. किती खोल? वर्ष दिवसाच्या ३६५ पट, पण लाट तितक्या पट खोल जात नाही. ३६५च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे साधारण १९ पट जाते. उष्णतेच्या या चालीचं गणित फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी मांडलं. त्यांचा त्यावरचा ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला. त्या हिशेबाने, ओलसर मातीत सव्वादोन मीटरांच्या आसपास वरच्या वार्षिक चढउताराचा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक भाग उरतो, आणि तोही सुमारे दोन महिने उशिराने येतो.

हे कागदावरचं गणित कोणी डोळ्यांनी पाहिलं का? पाहिलं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात, कॅल्टन टेकडीवर, भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी १८३७ साली जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक पुरले. त्यांच्या नळ्या इतक्या लांब होत्या की वरचं टोक जमिनीबाहेर राहायचं आणि माणसाला उभ्या उभ्या आकडा वाचता यायचा. सर्वांत खोल तापमापक पावणेआठ मीटरांवर होता. तिथे वर्षातला सर्वांत उबदार काळ जानेवारीच्या सुमारास येत असे. वर कडाक्याची थंडी आणि पायाखालच्या खडकात नुकताच पोहोचलेला मागचा उन्हाळा!

कोठार दोन-तीन मीटरांवरच असतं, पण तिथेही ही दिरंगाई ठळकपणे जाणवते. मात्र ती नेहमी सोयीची असते असं नाही. बटाटे काढून होतात तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, खालची माती वर्षातली सर्वांत गरम असते. म्हणून कोठाराला दोन झरोके ठेवतात, एक जमिनीलगत आणि दुसरा छताशी. शरदातल्या थंड रात्री दोन्ही उघडायचे. जड गार हवा खालून आत येते, हलकी उबदार हवा वरून निघून जाते. सकाळी झरोके बंद. काही आठवडे असं केलं की कोठार हव्या त्या थंडाव्याला येतं. पुढे बाहेर सारं गोठू लागतं तेव्हा हीच माती उरलेल्या उन्हाळ्याची ऊब भिंतींतून सोडत राहते. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर बर्फ वितळू लागतो आणि खाली त्याच वेळी हिवाळा येऊन पोहोचतो. साठा संपत आलेला, नवं पीक अजून दूर, अशा नेमक्या काळात कोठार सर्वांत गार असतं.

एवढं करूनही एखाद्या रात्री पारा फारच घसरला तर? यावरचा जुना उपाय साधा आहे. बटाट्यांशेजारी पाण्याने भरलेलं पिंप ठेवायचं. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठतं. बटाट्याच्या रसात साखर आणि क्षार असतात, त्यामुळे तो त्याहून थोड्या खालच्या तापमानाला गोठतो. साहजिकच बर्फ आधी पिंपात धरतो, आणि पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते. शंभर लिटर पाणी पूर्ण गोठलं तर एक किलोवॉटचा हीटर नऊ तासांहून अधिक चालवल्याइतकी! पिंपात बर्फाचा पापुद्रा जाड होत जातो आणि तोवर शेजारचा बटाटा शाबूत राहतो.

आता आतल्या जिवांकडे पाहू. काढलेला बटाटा किंवा गाजर मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, साठवलेली साखर जाळतं, ऊब आणि पाणी बाहेर टाकतं. थंडीत हा श्वास मंदावतो. दहा अंशांनी तापमान उतरलं की त्याचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. गाजर-सलगमला शून्याच्या जरा वर, दमट हवा मानवते. म्हणून गाजरं ओल्या वाळूत थरांनी पुरतात. बटाट्याला चार अंशांच्या आसपास बरं वाटतं. त्याहून फार थंडीत त्याच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तो गोडसर लागतो. कांदा-लसणाला कोरडी हवा लागते, त्यामुळे त्यांना इथे जागा नाही. सफरचंदंही दूर ठेवावी लागतात. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने गाजरं कडू होतात.

केबिनला असं कोठार जोडायचं तर उत्तर गोलार्धात उत्तरेकडे उतरणारी, पाणी न साचणारी जागा निवडतात. चुलीची ऊब खाली उतरते, म्हणून नेमकं चुलीखाली खणत नाहीत. छताचा हिशेब तर काटेकोर हवा. मीटरभर ओल्या मातीचा थर दर चौरस मीटरला पावणेदोन-दोन टनांचा भार टाकतो. दोन दारांमधली ती बोळवजा जागा बाहेरची हवा अडवते, तेव्हा तीही गाळून चालत नाही.

मग महाराष्ट्रात असं कोठार का नाही? आपल्याकडेही माणसं जमिनीत उतरली, पण वेगळ्या कामासाठी. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. तोंड अरुंद, पोट मोठं आणि वरून पक्कं बंद. २००५च्या महापुराने त्यांतली बरीच निकामी केली. पेवात कोरडी हळद असते आणि तिला हवा नकोच असते. बंद पेवात प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडीचा जीव गुदमरतो. माणसाचाही गुदमरू शकतो, म्हणून आत उतरण्याआधी पेव उघडून ठेवतात, दिवा सोडून पाहतात. एलिस्टनचं कोठार जिवंत कंदाचा श्वास मंद करतं, हरिपूरचं पेव किडीचा श्वास बंद करतं.

या फरकाचं मूळ एका आकड्यात आहे. पुरेसं खोल गेलं की ऋतू मागे पडतात आणि उरते ती जागेच्या वर्षभराच्या तापमानाची सरासरी. न्यूफाउंडलँडच्या त्या किनाऱ्यावर ती चार-पाच अंशांच्या आसपास आहे, बटाट्याला हवी तेवढीच. सांगलीकडे ती पंचवीस अंशांच्या पुढे जाते. तिथे कितीही खणलं तरी बटाट्याला कोंबच फुटतील. कांद्यासाठी आपल्या शेतकऱ्याने जमिनीवर, वारा खेळेल अशी चाळ उभी केली, तीही याच समजुतीतून. खोलात थंडी नसते, सरासरी असते. केबिनशेजारी कुदळ मारण्याआधी हा एक आकडा शोधावा. ती जमीन आपल्यासाठी काय काय सांभाळू शकेल, हे त्यावरून बरंचसं कळतं.